पिशवीकाकांच्या घरची गळती

"काका, गळती सापडली," इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"कितव्या ओळीत?"

"ओळीत नाही. तुम्हीच गळताय."

पिशवीकाकांनी स्वतःकडे पाहिलं. बाईंच्या हातातल्या जांभळ्या दिव्याच्या उजेडात त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार पेटले होते. गुडघे हिरवे, बूट हिरवे, मास्कच्या वर उरलेल्या दोन भुवया हिरव्या. कमी बजेटच्या सिनेमातल्या भुताला जेवणाची सुट्टी झाली आणि ते वाट चुकून इथं आलं, असं एकूण दृश्य होतं.

"एवढं सगळं माझ्यावर?" भुतानं विचारलं.

"सकाळी पावडर कोणी टाकली?"

"मीच."

"मग झालं तर."

ती खोली म्हणजे सिमेंटच्या कारखान्यातल्या बॅग फिल्टरचा वरचा मजला. चारी बाजूंनी लोखंड, खिडकी एकही नाही, भर दुपारी बाराला काळोख. पायाखालच्या पत्र्याला एक हजार एकशे बावन्न गोल भोकं आणि प्रत्येक भोकातून खाली लोंबणारी, दोन माणसांच्या उंचीची, लांबट कापडी पिशवी. गिरणीतली धुळीनं भरलेली हवा खालून येते आणि पिशव्यांना बाहेरून भिडते. हवा कापडातून आत शिरते, धूळ बाहेरच अडते. आत शिरलेली हवा भोकातून वर येते आणि चिमणीवाटे निघून जाते. पिशवीच्या अंगावर धूळ फार साचली की वरून दाबाच्या हवेचा फटका बसतो, फट्, पिशवी अंग झटकते आणि धूळ खालच्या नरसाळ्यात पडते. एवढंच. पण एखादी पिशवी फाटली की धूळ वर येते, आणि नेमकी कोणती फाटली ते डोळ्यांना कळत नाही, कारण तिथं सगळंच करडं असतं. म्हणून बाईंनी ही नवी पद्धत आणली होती. सकाळी आत जाणाऱ्या हवेत चमकणारी पावडर सोडायची, थोड्या वेळानं पंखा बंद करून वर यायचं आणि जांभळा दिवा लावायचा. जिथून पावडर निसटली असेल त्या भोकाभोवती हिरवं कडं दिसतं.

त्या शनिवारी दोन कडी दिसली. चारशे सतरा आणि नऊशे दोन. तिसरे काका.

बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांना सगळे पिशवीकाका म्हणत. त्यांच्या कामाचं फळ म्हणजे चिमणीतून काहीही बाहेर न येणं. सुताराला टेबल दाखवता येतं, शिंप्याला सदरा दाखवता येतो. काका पाहुण्यांना गच्चीवर न्यायचे, कारखान्याच्या दिशेनं बोट करायचे आणि विचारायचे, "तिकडे काही दिसतंय?" पाहुणे डोळे बारीक करून म्हणायचे, "नाही बुवा." काका म्हणायचे, "ते मी केलंय." मग सगळे खाली येऊन चहा प्यायचे.

दिवा बंद झाला तरी काका आपल्या हातांकडेच बघत राहिले.

"बाई, हा दिवा सोमवारपर्यंत मिळेल का?"

"कशाला?"

"घरी गळती आहे."

"नळाला?"

"नाही हो. मला."

बाई तशा वस्तू बाहेर द्यायच्या नाहीत. पण काकांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, आणि बावीस वर्षांत त्यांनी कारखान्याकडे मागितलेली ही पहिलीच वस्तू होती. बाईंनी रजिस्टरात लिहिलं, दिवा एक, तपासणीसाठी. कुठल्या तपासणीसाठी, तो रकाना मोकळा सोडला.

प्रकरण असं होतं की काकांच्या बायकोला श्वास पुरत नव्हता. तीन-चार वर्षांपूर्वी नुसता खोकला होता. मग जिना चढताना दम लागायला लागला, आणि आता ती बोलताना वाक्याच्या मध्ये थांबायची. तिच्या बोलण्यात इतकी वर्षं स्वल्पविरामसुद्धा नसायचा, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, "धूळ जातेय. कुठून जातेय ते शोधा, नाहीतर ह्यांना तिथून हलवा." मग त्यांनी विचारलं, "मिस्टर कुठं असतात कामाला?" ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग शोधायचं काय?"

खरं तर काका काळजीत कुठंच कमी नव्हते. कामाचे कपडे ते कारखान्यातच धुवायला टाकत. तिथेच अंघोळ. घरचे कपडे दिवसभर प्लास्टिकमध्ये बंद. मग चालत घरी, मागच्या दारानं आत, चपला बाहेर आणि पुन्हा अंघोळ. हा बायकोचा लग्नापासूनचा नियम होता: आधी पाणी, मग माणसं. शेजारच्या वहिनींना दोनदा अंघोळ करणाऱ्या या माणसाबद्दल आदर होता, आणि सामाईक टाकीबद्दल काळजी.

तरी संशय त्यांच्यावरच होता. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तर उघडच म्हणायचा. त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि सातव्या मजल्यावर घर होतं. "ताई, तू माझ्याकडे ये. वर धूळ चढतच नाही. भाऊजी येतील ना रविवारच्या रविवारी भेटायला. बाहेरच्या खोलीत बसतील." त्यावर ती म्हणाली होती, "बघू." त्या घरात 'नाही' म्हणजे नाही होतं, 'हो' म्हणजे बहुतेक नाही होतं, पण 'बघू' म्हणजे ठरलं. तिची बॅग भरून तयार होती. मेहुणा आज पाच वाजता तिला न्यायला येणार होता.

साडेतीनला सुटी झाली. काकांनी अंघोळ केली, कपडे बदलले, फिकट निळा शर्ट घातला आणि खाली नरसाळ्याशेजारच्या खिळ्यावरून डब्याची पिशवी उचलली.

ही पिशवी लग्नाएवढीच जुनी होती. लग्नाला महिना झाला तेव्हा बायकोला काय न्यावं ते काकांना सुचेना, म्हणून फिल्टरच्या विक्रेत्यानं नमुना म्हणून दिलेला कोरा पांढरा तुकडाच ते घरी घेऊन गेले. ती आधी पोटभर हसली. मग तिनं त्याची पिशवी शिवली, आत खण, वर दोन बंद. बावीस वर्षांत एक टाका उसवला नव्हता. मूळचा रंग कोणता यावर आता घरात दोन मतं होती. दर रविवारी धुतली की ती आणखी कडक व्हायची, आणि हल्ली तर टेबलावर ठेवली की स्वतःच्या पायावर उभी राहायची. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "असं कापड आता मिळत नाही."

घरी आल्यावर काकांनी रोजच्यासारखंच वागायचं ठरवलं होतं. फिल्टर तपासायचा तर तो रोजच्यासारखाच चालला पाहिजे. मागच्या दारानं आत, चपला बाहेर, पिशवी ओट्यावर, थेट बाथरूम. अंगावर पहिला तांब्या घेतला तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेहमीचा आवाज आला. फट्. फट् फट्. त्या आवाजानं त्यांना रोज बरं वाटायचं, सगळं सुरळीत चालू आहे असं. कारखान्यात चहा पिता पिता नुसत्या फट्‌फटीवरून कुठला व्हॉल्व्ह ढिला पडलाय ते सांगणारा हा माणूस. घरातली फट्‌फट कसली, हा प्रश्न त्यांना बावीस वर्षांत पडला नव्हता. लोक फुकटची गाणी ऐकतात, तसं ते ऐकायचे.

ते कोरडे होऊन शर्ट घालून बाहेर आले आणि ओट्याशीच रेंगाळले.

"बॅग भरली?" त्यांनी विचारलं.

"भरली. तुमच्या गोळ्या... वरच्या खणात आहेत. दूध... दोन दिवसांचं आहे."

"मी दूध पीत नाही."

"मग उद्यापासून प्या. चला, बाहेर बसा, चहा निवतोय." तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेरच्या खोलीकडे ढकललं.

पाचला मेहुणा आला. खाली त्याची दुकानाची गाडी उभी होती. आत गिऱ्हाइकाकडे पोचवायच्या दोन गाद्या, आणि ताईच्या बॅगेसाठी राखलेली जागा.

"ताई, झालं? निघायचं?"

"थांबा," काका म्हणाले. "आधी तपासणी."

"कसली?"

काकांनी दिवा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. आज कारखान्यात अंगभर पावडर उडाली होती. ती धुळीसारखीच चिकटते आणि धुळीबरोबरच प्रवास करते. घरात धूळ त्यांच्या अंगावरून येत असेल, तर ते जिथं जिथं बसले, टेकले, तिथं आज हिरवं दिसेल. "दिसलं, तर तू हिला घेऊन जा. मी बॅग खाली आणून देतो. आणि रविवारी बाहेरच्या खोलीत बसतो."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर गळती दुसरीकडे आहे. ती शोधू."

मेहुणा ताईकडे बघायला लागला. ती म्हणाली, "बघू."

अंधार करायचा प्रश्न आला. पडदे पातळ होते आणि बाहेर लख्ख ऊन. काकांनी चादरी लावून पाहिल्या, पण वरून उजेड यायचाच. शेवटी मेहुणा, ज्याला या तपासणीत मनापासून हरायचं नव्हतं, तो स्वतःच खाली जाऊन गाद्या घेऊन आला. एक बाहेरच्या खिडकीला उभी केली, दुसरी झोपायच्या खोलीला; स्वयंपाकघराच्या लहान खिडकीला दुहेरी घोंगडी पुरली. तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात आल्या.

"काय हो, घर सोडताय?"

"नाही, गळती बघतोय," काका म्हणाले.

वहिनींनी खिडकीतल्या गादीकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, आणि "टाकीची का?" असं विचारून उत्तर न घेताच परतल्या.

दार लावलं. दिवा लागला. पहिल्याच क्षणी मेहुणा ओरडला, कारण त्याचा पांढरा शर्ट निळसर झगमगत होता.

"मला पण लागलं!"

"ते कपडे धुण्याच्या पावडरीचं. निळं आपलं नाही. आपलं हिरवं."

"दात पण चमकतायत तुमचे, भाऊजी."

"ते देवानं दिलंय. गप्प राहा."

काकांची खुर्ची बघितली. काही नाही. चहाचा कप, पुढच्या दाराची कडी, मूठ, टॉवेल, खुर्चीमागची भिंत. काही नाही. मेहुण्यानं दिवा स्वतःच्या हातात घेतला आणि काकांचे कान, नखं, केसांची मुळं, सीमेवरच्या जवानासारखी तपासली. डोक्यावरून वाकून तो म्हणाला, "कमाल आहे. माणूस आहात की स्टीलचं भांडं?"

अंधारात काकांचे देवानं दिलेले दात जरा जास्त दिसले.

मग मेहुणा झोपायच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "भाऊजी."

बायकोची उशी हिरवी होती. बारीक बारीक ठिपके, विरळ चांदण्यांसारखे, उशीवर, चादरीवर, खिडकीच्या चौकटीवर. खिडकीकडे गर्दी, आत येताना पांगापांग. काकांनी दिवा हातात घेतला. या बाबतीत त्यांना सवय होती: कडं दिसलं की कड्याच्या उगमाकडे जायचं. चौकटीवरून बाहेर, बाहेरून लागूनच असलेल्या आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, खिडकीच्या कट्ट्यावर हिरवा थरच थर. कट्ट्यावरून खाली ओट्यावर.

ओट्यावर डब्याची पिशवी स्वतःच्या पायावर उभी होती. ती पेटलेल्या कंदिलासारखी दिसत होती.

काकांनी दिवा तिच्याभोवती फिरवला. एक हजार एकशे बावन्न पिशव्या त्यांना नंबरानं पाठ होत्या. ही एकच त्यांनी कधी मोजली नव्हती. जेवणाची वस्तू, तिला कोण घाण म्हणेल? धूळ पकडण्यासाठीच जन्माला आलेलं ते कापड दिवसभर नरसाळ्याशेजारी टांगलं जायचं आणि इमानेइतबारे धूळ पकडायचं. संध्याकाळी घरी यायचं आणि बायको, घर स्वच्छ राहावं म्हणून, खिडकीतून हात बाहेर काढून कट्ट्यावर ते झटकायची. फट्. फट् फट्. वारा उरलेलं काम करायचा. कारखान्यात जे यंत्र करतं तेच, फक्त इथं नरसाळं नव्हतं, शेजारी तिची उशी होती.

"काय आहे ते?" बायकोनं मागून विचारलं.

काकांनी दिवा एकदम खाली केला, पण उशीर झाला होता. तिनं आपले हात पुढे केले होते. दोन्ही तळवे हिरवे.

"मी?" ती म्हणाली. "मी झटकत होते."

"कापड मी आणलं होतं," काका म्हणाले.

"पिशवी मी शिवली."

"आणलं नसतं तर शिवली असतीस का? खिळ्याला मीच टांगायचो. त्या नरसाळ्याशेजारी! दुसरीकडे खिळे नव्हते का?"

"रोज... रोज मी झटकायचे. तुम्ही अंघोळीला गेलात की."

"आणि मी ऐकायचो. मला काय झालं होतं विचारायला?"

"चूक माझी आहे."

"तुझी कशी? माझी आहे."

त्या घरात चूक आपली आहे यावरून झालेलं हे पहिलंच भांडण. मेहुण्याला अशा भांडणात कोणाची बाजू घ्यायची ते कळेना. तो म्हणाला, "गाद्या काढू का?" आणि अंधारात तसाच निळा उभा राहिला.

तिला खोकला आला. काकांनी पाणी दिलं. ती प्याली, थांबली, श्वास घेतला. मग म्हणाली, "दिवा द्या इकडे."

"कशाला?"

"भावानं तुम्हाला पुढूनच बघितलंय. वळा."

काका वळले. तिनं दिवा त्यांच्या मानेपासून खाली फिरवला, आणि पाठीपाशी आल्यावर जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"आहे का काही?"

"नाही," ती म्हणाली आणि तिनं दिवा बंद केला.

गाद्या निघाल्या, ऊन आत आलं. सगळं पुन्हा नेहमीच्या रंगाचं झालं आणि पिशवी पुन्हा करडी, शहाण्यासारखी उभी. मेहुण्यानं दारातली बॅग उचलली. "मग ताई? खाली नेऊ?"

"उघड ती," ताई म्हणाली. "वरच माझा टॉवेल आहे. ओला करून दे. ओटा पुसायचाय."

मेहुण्यानं बॅग उघडली. तो टॉवेल त्यानंच ओला केला आणि ओटा, कट्टा, चौकट सगळं त्यानंच पुसलं, ताईला दार लावून बाहेर बसवून. काका त्याला सांगत होते, "कोरडं नाही, ओलंच फिरवायचं. झटकायचं नाही. काहीही झटकायचं नाही." जाताना तो दारात घुटमळला. "भाऊजी, ते स्टीलचं भांडं म्हणालो... वाईट अर्थानं नाही."

"समजलं. एक गादी विसरतोस."

"राहू दे. ताईला. धुळीची उशी काढून टाका ती."

रविवारी पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीनं बंद झाली. चिकटपट्टी बायकोनंच लावली, तोंडाला ओलं फडकं बांधून. त्याआधी तिनं पिशवीचे दोन्ही बंद नीट घडी करून आत ठेवले, जणू ती परत उघडायची आहे. डॉक्टर नंतर म्हणणार होते की गेलेला श्वास सगळा परत येत नाही, पण आहे तो राहील. त्या दिवशी तेवढंही कोणाला माहीत नव्हतं. ती वाक्याच्या मध्ये थांबतच होती.

सोमवारी सकाळी तिनं काकांसमोर शनिवारचाच निळा शर्ट धरला. बावीस वर्षांत रोज धुतलेला शर्ट द्यायचा तिचा शिरस्ता होता.

"हा? हा तर परवा घातलेला."

"घाला आज हाच."

काकांनी घातला. या घरात कपड्यांच्या बाबतीत प्रश्न विचारायचे नसतात. एका हातात पिशवीविना नुसता स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात ते प्लास्टिकचं गाठोडं, काखेत दिवा, असे ते कारखान्यात गेले आणि कपडे बदलण्याआधी थेट स्टोअरमध्ये इंजिनिअर बाईंसमोर उभे राहिले.

"सापडली?" बाईंनी विचारलं.

"सापडली. ही भंगारात जायची आहे. रीतसर."

बाईंनी गाठोडं उचलून पाहिलं. रजिस्टर उघडलं. "शनिवारच्या बदललेल्या पिशव्या दोन ना? चारशे सतरा आणि नऊशे दोन."

"तीन लिहा."

"तिसरीचा नंबर?"

काकांनी विचार केला. "एक हजार एकशे त्रेपन्न."

बाईंनी वर पाहिलं, मग तो आकडा लिहिला. दिवा चालतोय का ते बघण्यासाठी त्यांनी ट्यूब बंद केली. स्टोअरला खिडकी नव्हती. काका तोवर डबा सांभाळत दाराकडे वळले होते.

जांभळ्या उजेडात त्यांच्या फिकट निळ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, एक हिरवा तळवा होता. पाच बोटं, स्पष्ट, करंगळी जराशी बाहेर.

"काय झालं बाई, दिवा बिघडला?" पाठमोऱ्या काकांनी विचारलं.

"नाही. चालतोय."

काका गेले. बाईंनी ट्यूब लावली. रजिस्टरात शेवटचा एक रकाना असतो, 'शिल्लक गळती'. त्यांनी थोडा वेळ पेन हातात धरलं आणि तिथं लिहिलं, नाही.